बेटावरचा मासा पाणी ओलांडत नाही

काहील, म्हणजे माणसं बसतील एवढी पसरट लोखंडी कढई, ही गुळासाठी असते. तिच्यात उसाचा रस ओततात, खाली चुलवाण पेटवतात आणि रसाचा गूळ होईपर्यंत आटवतात. साठ-बासष्ट सालच्या सुमाराला मी सांगलीच्या पेठेत गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होतो, तेव्हा काहील म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पूर आला की नदीकाठचे लोक तिच्यात बसून जीव वाचवतात, हेही ऐकून होतो. पण भर हिवाळ्यात, शांत नदीवर, खाकी कोट घालून, काहिलीत ताठ बसून माझ्याकडं येणारा माणूस बघितल्यावर मी हातातला गळ खाली ठेवला.

ते संतू हवालदार. पलटणीतून पेन्शनीत आलेले, मिशी अजून नोकरीत असलेली.

गावाचं नाव मी सांगत नाही. तिथले लोक अजून आहेत आणि अजून भांडखोर आहेत. सांगलीपासून सायकलीनं गाठता येईल एवढ्या अंतरावर कृष्णा तिथं वळण घेते, आणि वळणावर एक बेट आहे. काळा कातळ, थोडी मळीची माती, चार करंज, बाभळी आणि काठानं लव्हाळा. बेटाच्या अंगाला खोल डोह. मी मूळचा खंडाळ्याकडचा. आमच्या गावाला मासा म्हणजे बाजारात सुकलेला. त्यामुळं सांगलीत आल्यावर मला गळाचं वेड लागलं होतं, आणि पेठेत कुणीतरी म्हणालं होतं की मासा बघायचा असेल तर त्या बेटावर जा, पण तिथल्या माणसाशी वाद घालू नको.

मी काठावरून ओरडून विचारलं होतं, गळ टाकायला येऊ का. हवालदार आले, काहील काठाला लावली आणि नाव-गाव काही न विचारता म्हणाले, "जेवणार का?"

मला वाटलं, चांगला माणूस दिसतोय. मी म्हणालो, जेवायची तसदी नको, मासा मिळाला तर घरी घेऊन जाईन.

"मग जावा परत," म्हणाले आणि काहील वळवायला लागले.

तेव्हा मला त्यांचा कायदा कळला. बेटावर धरलेला मासा बेटावरच शिजणार, तिथंच बसून खायचा. पिशवीत घालून न्यायचा नाही, कुणासाठी बांधून द्यायचा नाही, विकायचा तर नाहीच. "बेटावरचा मासा पानी वलांडत न्हाई," हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पुढं इतक्या वेळा ऐकलं की मला ते झोपेतही म्हणता येईल. कायद्यात दोन गोष्टी बसल्या होत्या. माणूस बसून किती खाणार? तेवढेच मासे मरणार. आणि दुसरं म्हणजे, ज्याला हवालदारांच्या डोहातला मासा हवा त्याला हवालदारांच्या चुलीपुढं मांडी घालावी लागणार. हवालदार बौद्ध होते. छप्पन साली त्यांच्या सगळ्या वाडीनं धर्म बदलला होता. गावानं मात्र काही बदललं नव्हतं.

मी जेवायला कबूल झालो आणि काहिलीत बसलो. काहिलीला पुढचं-मागचं काही नसतं, त्यामुळं पाण्यात सोडली की ती गिरक्या घेते. पण हवालदार हातातल्या बांबूनं तिला असं धाकात ठेवत की बेट येईपर्यंत माझं तोंड बेटाकडंच राहिलं. मी कौतुक केलं, तर म्हणाले, "पाव्हण्याला गरागरा फिरवू न्हाई. ती रीत न्हाई."

बेट त्यांच्या मालकीचं कसं झालं, ही गावातली आवडती थट्टा होती. पूर्वजांच्या वतनाची जमीन नावावर करून घ्यायची वेळ आली तेव्हा भाऊबंदांनी काळ्या मातीचे तुकडे मागितले. हवालदारांनी बेट मागितलं. लोक म्हणाले, पलटणीत डोक्याला मार लागला असणार. नदीनं दिलेलं नदी नेईल, असंही कुणी म्हणालं. मी एकदा विचारलं तेव्हा ते गळाला आमिष लावत होते. मान वर न करता म्हणाले, "गावात ज्या वाटंनं गेलो त्या वाटंवर कुनी ना कुनी अडवलंया. हितं वाटच न्हाई."

त्यांच्याकडं गळ टाकायचा म्हणजे पलटणीत भरती व्हायचं. सूर्य पाठीशी घ्यायचा नाही, सावली पाण्यावर पडते. विडी ओढायची तर आधीच ओढून घ्यायची. बोलायचं नाही. त्यांनी सगळ्या गळांचे उलटे दात कानसीनं घासून टाकले होते, म्हणजे लहान मासा जखम न होता सुटावा. मला हे पटलं नव्हतं. माझे दोन चांगले मासे या घासलेल्या गळावरून निसटले तेव्हा मी कुरकुर केली. हवालदार म्हणाले, माशाला पळायची संधी नसेल तर बाजारातनं आणून खावा, इथं कशाला आलासा.

मासा सोडायचा असेल तर आधी हात पाण्यात बुडवायचे. एकदा मी घाईनं कोरड्या हातानं एक शिंगटा पकडला, तर त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली. मला, एका दुकानाच्या दिवाणजीला. कोरडा हात माशाला भाजतो, म्हणाले. आणि पोट फुगलेली, गाभोळीनं भरलेली मासळी आली की त्यांचा आवाजच बदलायचा. तिला दोन्ही ओल्या हातांत धरून पाण्यात उतरायचे, प्रवाहाकडं तोंड करून धरायचे, तिनं शेपटी हलवली की सोडायचे. "माहेरवाशीण हाय," म्हणायचे. "बाळतपनाला आलीया. तिला कोन खातंय?" मृग लागला की गळ डब्यात, डबा आढ्याला. नवरात्रापर्यंत बेटावर मासा शिजायचा नाही. तुम्ही गव्हर्नर असा नाहीतर कोण असा, पिठलं खा.

पिठलं करायच्या त्यांच्या बायको, सोनाबाई. नवऱ्याच्या शिस्तीचा मान त्या एका भुवईनं ठेवायच्या आणि दुसरीनं चेष्टा करायच्या. माशांची एवढी काळजी घेता, तेवढी माझ्या गुडघ्याची घेतली असती तर मी गावात नाचले असते, असं मला ऐकवून त्यांना ऐकवायच्या. पण त्यांच्या हातचा मरळीचा रस्सा खाल्ल्यावर मी कायद्याविरुद्ध कधी बोललो नाही. मला सांगायला लाज वाटत नाही, मी आधी रश्श्यापायी बेटावर गेलो आणि तत्त्वाचं नंतर कळलं. बऱ्याच लोकांचं तत्त्वाशी असंच जमतं.

आता पाटीचं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या पाटीवरून झालं.

जुन्या काळापासून रीत अशी की जत्रेच्या दुसऱ्या दिवशी डोहातले मासे धरून हवालदारांच्या घरातल्या पुरुषानं वेताची पाटी भरून पाटलाच्या वाड्यावर न्यायची. मागच्या दारानं. उंबऱ्याबाहेर पाटी ठेवायची, मागं सरकायचं, आतून कुणी पाणी शिंपडून पाटी उचलली की मग परतायचं. हवालदारांचे वडील ते करत, आजा करत होता. लहानपणी वडिलांबरोबर गेल्याचं हवालदारांना आठवत होतं. वडील उंबऱ्यापासून मागं सरकताना पाय मोजल्यासारखे टाकत, सावली आत पडू नये म्हणून, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं.

पेन्शनीत आल्यावर पहिल्या जत्रेला पाटी गेली नाही. आबा पाटलांचा माणूस काठावर येऊन हाका मारायला लागला. हवालदारांनी बेटावरूनच उत्तर दिलं, "पाटी बंद. जेवान चालू. आबांना सांग, समद्या गावाला आवतान हाय."

त्या वर्षी कुणी आलं नाही. सोनाबाईंनी भलंमोठं पातेलं रांधलं होतं. वाडीतली माणसं जेवली, उरलेलं दुसऱ्या दिवशी परत जेवली. पुढच्या जत्रेला पुन्हा आवतण, पुन्हा पातेलं. यावेळी दोन मेंढके आले, कारण ते गावचे नव्हते. मग एक वर्ष तालमीतले पैलवान आले. पैलवानांना जातीपेक्षा खुराक मोठा. त्यांनी रस्सा भुरकला, दुसऱ्यांदा मागितला आणि गावात जाऊन सांगितलं की धर्म बुडाला असेल तर असू दे, पण मरळ एक नंबर होती. त्यानंतर तरुण पोरं चोरून येऊ लागली. हवालदार चोरून आलेल्यांना परत पाठवायचे. अंधारात काहील सुटायची नाही. यायचं तर उजेडी यायचं, घाटावर उभं राहून हाक मारून यायचं.

आबा पाटील मात्र आले नाहीत. मोठा माणूस, जुन्या वळणाचा. गावात बोलताना आवाज कधी चढवायचे नाहीत, कारण कधी गरज पडली नव्हती. पाटी बंद झाली तेव्हा तेही गप्प बसले. गप्प बसले नाहीत ते त्यांचे चिरंजीव बाळासाहेब.

बाळासाहेबांनी रस्त्याच्या कामाचा ठेका घेतला होता, त्यामुळं खडक फोडायचे तोटे त्यांच्याकडं पेटीनं असत. त्या वर्षांत नदीवर हे नवं खूळ आलं होतं. तोटा पेटवायचा, डोहात टाकायचा, धडाका झाला की मासे पांढरी पोटं वर करून तरंगतात, हातानं गोळा करायचे. लहान, मोठं, गाभोळीचं, सगळं एकदम. जेवढे वर येतात त्याच्यापेक्षा जास्त तळाला मरून पडतात. वरच्या आणि खालच्या गावांचे डोह असे एकेक करून मेले होते. तिथं मी स्वतः दिवसभर गळ टाकून बसलोय आणि बेडूक घेऊन परत आलोय. उन्हाळ्यात नदी आटली की आसपासचं सगळं जिवंत पाणी आणि सगळे जिवंत मासे हवालदारांच्या डोहात गोळा व्हायचे. "समद्या नदीचं बियानं हाय ह्ये," असं ते म्हणत. हा डोह गेला की संपलं.

एका वैशाखात बाळासाहेबांकडं मोठे साहेब जेवायला यायचे होते. साहेबांना मासे आवडतात, असं कुणीतरी सांगितलेलं. बाळासाहेबांनी आधी निरोप पाठवला, मासे द्या. उत्तर गेलं, साहेबांना घेऊन या, पंगत मांडतो. ते उत्तर वाड्यात कसं पोचलं असेल ते तुम्ही समजून घ्या. रविवारी सकाळी बाळासाहेब माणसं आणि तोटे घेऊन घाटावर हजर झाले. मी सायकल घाटावरच्या झाडाला टेकवून नुकताच उभा राहिलो होतो, त्यामुळं हे माझ्या डोळ्यांदेखत झालं.

हवालदार बेटावरच्या झोपडीत गेले, कोट चढवला, बटणं लावली आणि काहील घेऊन डोहाच्या मधोमध आले. दोरीला बांधलेला धोंडा पाण्यात सोडला, बांबू मांडीवर आडवा ठेवला आणि बसले. काहील जागेवरच सावकाश फिरायला लागली. त्यांचं तोंड घाटाकडं यायचं, मग बाजू, मग पाठ, मग पुन्हा तोंड.

बाळासाहेब म्हणाले, "संतू, सरक तितनं."

उत्तर द्यायला हवालदारांनी तोंड समोर यायची वाट बघितली. "न्हाई सरकत."

"बेट तुझं आसंल. पानी सरकारचं हाय."

काहील फिरली. सगळे थांबले. माणसाच्या पाठीशी भांडता येत नाही, हे त्या दिवशी मला कळलं. तोंड परत आलं तेव्हा हवालदार म्हणाले, "पानी सरकारचं. मी माजा. टाका तोटा."

"तुझा बाप मुकाट पाटी आणत हुता आमच्या दारात."

ती एक फेरी फार लांब वाटली. पाठ गेली, खांदा आला, मिशी आली. "बाप गेला. पाटी बी त्येच्यासंगं गेली. आता तुमी हिकडं यायचं, न्हाईतर उपाशी ऱ्हायचं."

घाटावरचा एक माणूस हसला आणि त्यानं ते खोकल्यात लपवलं. बाळासाहेबांनी तोटा काढला, काडीपेटी काढली, दोन्ही हातांत धरून उभे राहिले. मला खरोखर वाटलं टाकतात. तेवढ्यात बेटाच्या काठावर सोनाबाई आल्या, लुगडं खोचून कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या आणि भांडी घासायला लागल्या. एकेक भांडं घासत होत्या. मग वाडीतल्या बायका धुणं घेऊन अलीकडच्या काठानं पाण्यात उतरल्या. धुण्याचा आवाज डोहावर घुमायला लागला. ऊन चढलं. बाळासाहेबांनी काडीपेटी खिशात टाकली आणि म्हणाले, बघून घेतो.

साहेबांसाठी बोकड कापला. ऐकलं की साहेबांना मासे आवडतच नव्हते, कुणीतरी दुसऱ्याच साहेबाबद्दल सांगितलं होतं.

पुढं बघून घेणंही झालं. गिरणीत हवालदारांचं दळण घेईनात, दुकानात मीठ मिळेना. मी सांगलीहून सायकलीला पिठाची पिशवी बांधून न्यायचो. हवालदार ती घेताना प्रत्येक वेळी म्हणायचे, पीठ पाणी ओलांडू शकतं, त्याला बंदी नाही. कधी त्यांनी तक्रार केली नाही की आवाज खाली केला नाही. पुढच्या जत्रेचं आवतण नेहमीच्याच ठसक्यात गेलं, आणि त्या वर्षी पैलवानांनी येताना गिरणीवाल्यालाच ओढून आणलं. तो जेवला. दुसऱ्या दिवसापासून दळण सुरू झालं. त्यानंतरच्या पावसाळ्यात वरच्या-खालच्या मेलेल्या डोहांत पुन्हा बोटभर पिल्लं दिसायला लागली. ती कुठून आली हे सगळ्यांना ठाऊक होतं. तसं बोलून दाखवणारं कुणी नव्हतं, आणि हवालदारांनाही कुणाच्या पावतीची गरज नव्हती.

मग आबा पाटील आजारी पडले. अन्न जाईना. तोंडाची चव गेली होती आणि म्हातारपणी जुन्या चवी आठवतात. त्यांनी हळूच माणूस पाठवला, बेटावरची मरळ डब्यातून मिळेल का. मी त्या दिवशी बेटावर होतो. हवालदारांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. बेटावरचा मासा पाणी ओलांडत नाही.

माणूस गेल्यावर सोनाबाईंनी भाकरी थापायची थांबवली. त्या दिवशी चेष्टा नव्हती. "आवं, मरनाच्या दारातला मानूस हाय. एका डब्यानं काय बुडतंय?"

हवालदार म्हणाले, "डबा मागच्या दारानंच जानार, सोना. पाटी न्हाई तर डबा."

मला त्यांचा राग आला. मी बोललोही, की आजाऱ्याशी कसला हट्ट. त्यांनी मला नाही म्हटलं नाही, चिडले नाहीत. फक्त रात्री जेवले नाहीत असं सोनाबाईंनी नंतर सांगितलं. काही दिवसांनी दुसरा निरोप आला: आबा स्वतः यायला तयार आहेत, पण अंधार पडल्यावर. यावर हवालदारांनी जो जबाब धाडला तो मी ऐकला आणि मला वाटलं, आता हे प्रकरण संपलं. "आबांना म्हनावं, दिसाउजेडी या. पटका बांधून या. मी सोता न्यायला येतो."

त्याच सुमाराला माझ्या मालकांनी मला सातारच्या पेढीवर पाठवायचं ठरवलं. निघण्याआधी हवालदारांचा निरोप घ्यावा म्हणून मी एका रविवारी सायकल काढली. घाटावर पोचलो तर ही गर्दी. आबा पाटील वाड्यापासून चालत आले होते. गावात पाटील चालत कधी आले होते, कुणाला आठवत नव्हतं. अंगावर धुतलेलं धोतर, डोक्याला गुलाबी पटका, हातात काठी, आणि पटक्याखाली मूठभर झालेला चेहरा. बाळासाहेब मागून येऊन त्यांच्या वाटेत उभे राहिले आणि म्हणाले, आबा, घरी चला, लोक बघत्यात.

आबा म्हणाले, "बघू देत. तुझ्या तोट्यानं एक मासळी घरात आली न्हाई. सर बाजूला."

हवालदार काहील घेऊन काठाला उभे होते, कोटाची सगळी बटणं लावून. त्यांनी पुढं होऊन हात दिला. आबांनी एकदा त्या हाताकडं बघितलं आणि धरला. दोघं समोरासमोर बसले. बांबूच्या एका रेट्यानं काहील काठापासून सुटली, आणि आबांचं तोंड बेटाकडं राहील याची मला खात्री होती, कारण पाहुण्याला फिरवायचं नाही ही रीत मी पहिल्या दिवशीच शिकलो होतो.

नदीच्या मध्यावर हवालदारांनी बांबू उचलला आणि मांडीवर आडवा ठेवला.

काहील फिरली. पाटलांची पाठ होती तिथं त्यांचं तोंड आलं, सगळ्या घाटाच्या, सगळ्या गावाच्या समोर. आबांनी मान खाली घातली. काहील तशीच सावकाश फिरत राहिली, बेट, खालचं वळण, पलीकडचा काठ, पुन्हा गाव. दुसऱ्या फेरीला आबांनी हनुवटी वर केली. तिसऱ्या फेरीला त्यांनी काठावरच्या लोकांकडं, आपल्या मुलाकडं, सरळ बघितलं आणि पटका सारखा केला. तेव्हा कुठं हवालदारांनी बांबू पाण्यात घातला आणि काहील बेटाकडं धरली.

माझा निरोप घ्यायचा राहूनच गेला. हाक मारली असती तर ते न्यायला आले असते, पण त्या जेवणात तिसऱ्या माणसाचं काम नव्हतं. मी सायकल उचलली आणि रस्त्याच्या वळणापर्यंत चालतच गेलो. तिथून मागं बघितलं तर काहील बेटाच्या काठाला पालथी घातली होती, करंजांच्या वर चुलीचा धूर चढत होता आणि गाव अजून घाटावर उभं होतं.